सेकंदाला दीड फूट



गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती आणि आम्ही सर्वजण घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर 'संत तुकाराम' पाहायला बसलो होतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेला, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट माझ्या आईने लहानपणी गावच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिला होता. चित्रपट सुरू होऊन पाच-सात मिनिटे झाली असतील नसतील, तोच आई म्हणाली, "अरे, तुकोबा इतके जाड कधी होते?"

आम्ही हसलो. माझा मुलगा यंदा नववीत आहे. तो म्हणाला, "आजी, तू तेव्हा लहान होतीस. तुला आता आठवत नसेल." आई गप्प बसली. पण मी पडलो भौतिकशास्त्राचा शिक्षक! निरीक्षण कोणाचेही असो, ते तपासल्यावाचून टाकून द्यायचे नाही, असे वर्गात सांगणारा. मी फूटपट्टी घेऊन पडद्यापाशी गेलो. अगदी समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू सापडेपर्यंत चित्र पुढे नेले. एक टाळ सापडला. तेथे चित्र थांबवून मोजले. आडवा व्यास ८ सेंटिमीटर, उभा व्यास ६ सेंटिमीटर. गोल टाळ लंबगोल झाला होता! आईचे निरीक्षण अचूक होते. तुकोबा जाड नव्हते, आमच्या संचाने त्यांना जाड केले होते.

जुने-नवे चित्रपट आता घरबसल्या पाहता येतात. ही मोठीच सोय आहे. पण घरच्या पडद्यावर येते ती मूळ चित्रपटाची प्रतीची प्रत असते. मधल्या वाटेवर तिचा आकार बदललेला असू शकतो, वेग बदललेला असू शकतो, आणि काही भाग गळूनही गेलेला असू शकतो. हे ओळखायला महागडे उपकरण लागत नाही. फूटपट्टी, घड्याळ आणि भागाकार एवढे पुरे.

चौकटीचे गणित

आधी त्या टाळाचा निकाल लावू. मूकपटांच्या काळी चित्राची चौकट ४:३ या प्रमाणात असे. बोलपट आले तेव्हा फिल्मच्या एका कडेला ध्वनीची पट्टी घालावी लागली. तेव्हा थोडी फेरजुळणी होऊन हे प्रमाण सुमारे १.३७:१ ठरले. म्हणजे फरक अगदी थोडा. आजच्या संचांचा पडदा मात्र १६:९ असतो. आता पडद्याची उंची ९ भाग धरा. ४:३ प्रमाणातले चित्र त्या उंचीत बसवले तर त्याला १२ भाग रुंदी लागेल. उरलेले चार भाग, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, काळे राहतील.

पुष्कळांना या काळ्या पट्ट्या आवडत नाहीत. मग कोणीतरी संचावरचे 'स्ट्रेच'चे बटण दाबतो. १२ भागांचे चित्र १६ भागांवर ताणले जाते. १६ भागिले १२ म्हणजे १.३३. आमच्या टाळाचे गुणोत्तरही ८ भागिले ६, म्हणजे १.३३ हेच होते.

दुसरी युक्ती 'झूम'ची. तीत चित्र ताणले जात नाही. ते सर्व बाजूंनी सारखेच मोठे होते आणि वरखालचा भाग पडद्याबाहेर जातो. १२ भाग उंचीपैकी ९ भागच उरतात. चित्राचा एक चतुर्थांश भाग गेला! यात कोणी जाड दिसत नाही, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही. पण एखाद्याचे डोके कपाळापासून कापलेले दिसले, किंवा नर्तकीची पावलेच दिसेनाशी झाली, की समजावे.

उलट प्रकारही आहे. १९५९ सालचा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याची चौकट उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंद आहे. तो नीट लावला तर काळ्या पट्ट्या वर आणि खाली येतात. तेव्हा एक नियम ध्यानात ठेवा. काळ्या पट्ट्या हा दोष नाही. आपला पडदा आणि मूळ चौकट यांतला फरक प्रामाणिकपणे दाखवणारी ती खूण आहे.

फुटात मोजलेला वेळ

आकाराचे झाले, आता लांबीकडे वळू. आपल्याकडे चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येते. आपण ते पाहतो, वाचत मात्र नाही. जुन्या चित्रपटाचे प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यात रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी दिलेली असते. जुन्या चित्रपटांची ही लांबी फुटांत, नंतरच्या चित्रपटांची मीटरमध्ये. चित्रपट वेळेत मोजण्याऐवजी लांबीत का मोजत? कारण प्रक्षेपकातून फिल्म एकसमान वेगाने सरकते. वेग ठाऊक असेल तर लांबी म्हणजेच वेळ.

चित्रपटगृहातली नेहमीची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात आणि प्रत्येक चित्र चार छिद्रांएवढी जागा घेते. या हिशेबाने एका फुटात १६ चित्रे बसतात. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर येतात. २४ भागिले १६ म्हणजे दीड. फिल्म सेकंदाला दीड फूट पुढे सरकते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचे एक रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. लांबी फुटांत असेल तर ९० ने भागा आणि मीटरमध्ये असेल तर २७.४ ने. चित्रपट मुळात किती मिनिटांचा होता ते लगेच समजेल. (प्रमाणपत्रावर फिल्म १६ मिलिमीटरची असल्याचे लिहिले असेल, तर तिच्या एका फुटात ४० चित्रे असतात. तेव्हा ३६ फुटांना एक मिनिट धरा.)

दिवाळीत दुसऱ्या दिवशी आम्ही हेच करून पाहिले. घरात एका जुन्या हिंदी चित्रपटाची व्हीसीडी होती. प्रमाणपत्रावर लांबी होती १३,५०० फूट. माझ्या मुलाने भागाकार केला : १५० मिनिटे. चित्रपट संपला तेव्हा घड्याळाने दाखवली फक्त १२८ मिनिटे. "बाबा, २२ मिनिटे चोरीला गेली!" असे तो ओरडलाच.

मी म्हटले, थांब. इतक्यात आरोप नको. मधे आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे विजेचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा. त्याला धरूनच आपल्या दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे दाखवण्याची पद्धत पडली. फिल्मवरची २४ चित्रे त्या पद्धतीत बसवण्याचा सर्वांत सोपा उपाय कोणता? चित्रपट थोडा जलद पळवायचा! आपल्याकडच्या व्हीसीडीसुद्धा याच २५ च्या पद्धतीने तयार होत. म्हणजे १५० मिनिटांच्या चित्रपटाला १५० गुणिले २४ भागिले २५, बरोबर १४४ मिनिटे लागणार. यातली सहा मिनिटे हरवली नाहीत, ती नुसती दाबली गेली. डोळ्यांना हा चार टक्क्यांचा फरक कळत नाही. तयार कानाला मात्र कळू शकतो, कारण नुसता वेग वाढवला की आवाजाची पट्टीही सुमारे पाऊण अर्धस्वराने चढते.

मग खरोखर गेले ते १४४ उणे १२८, म्हणजे १६ मिनिटे. एखाददुसऱ्या मिनिटाचा फरक मोजमापाची चूक म्हणून सोडून देता येतो, १६ मिनिटे सोडता येत नाहीत. या वेळीही आई म्हणाली, "यात एक अंगाईगीत होते रे. ते कुठे गेले?" आणि तिने त्याच्या दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. या वेळी मात्र नातू हसला नाही. त्याने वही आणली.

धावपळ करणारी माणसे

मूकपट लावला की मुले हसू लागतात. राजा काय, प्रधान काय, सगळेच लगबगीने पळत असतात. त्या काळची माणसे अशी चालत होती काय? मुळीच नाही. त्या वेळी कॅमेऱ्याला दांडा असे आणि तो हाताने फिरवावा लागे. दांड्याच्या एका फेऱ्यात फिल्मवर आठ चित्रे उमटत. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ चित्रे, म्हणजे सेकंदाला बरोबर एक फूट. अर्थात माणसाचाच हात तो, कमीजास्त व्हायचाच. पुढे बोलपट आले. आवाज स्वच्छ उमटायचा तर वेग एकसारखा आणि पुरेसा हवा. म्हणून २४ हा आकडा कायम झाला. आता १६ च्या वेगाने घेतलेला मूकपट २४ च्या वेगाने दाखवला तर काय होईल? सगळे दीडपट वेगाने धावू लागतील.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती असे नोंदलेले आहे. सेकंदाला एक फूट या हिशेबाने ३,७०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ६२ मिनिटे. सेकंदाला दीड फूट या हिशेबाने ४१ मिनिटे. हा चित्रपट ४० मिनिटांचा होता असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्यामागचे गणित आता तुमच्या ध्यानात आले असेल.

फाळक्यांना या वेगाच्या खेळाची पुरेपूर जाण होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची एकेक चित्रे घेत 'अंकुराची वाढ' हा छोटा पट तयार केला होता. समजा, रोज एकच चित्र घेतले आणि ४८ दिवस घेतले. सेकंदाला १६ च्या वेगाने ते तीन सेकंदांत दिसेल. दीड महिन्याची वाढ तीन सेकंदांत!

आता एक प्रयोग. घरी मूकपट पाहताना त्याचा वेग बरोबर आहे की नाही हे कसे ठरवाल? चालण्यावरून अंदाज येतो, पण चालणे ज्याचे त्याचे निराळे. पडणारी वस्तू मात्र कोणाचे ऐकत नाही. एखाद्याच्या हातातून काही खाली पडते असे दृश्य शोधा. वस्तू हलकी, वाऱ्याने तरंगणारी नको. दीड मीटर उंचीवरून जड वस्तू जमिनीवर यायला सुमारे ०.५५ सेकंद लागतात. हे सूत्र तुम्ही शिकला आहात. पडद्यावर ती ०.३७ सेकंदात आली, तर चित्रपट दीडपट पळतो आहे. उंचीचा अंदाज शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून घ्या. वेळ मोजण्यासाठी चित्रे एकेक करून पुढे न्या आणि मोजा. पुष्कळ ठिकाणी पाहताना वेग पाऊणपट करण्याची सोय असते. २४ चे पाऊण म्हणजे १८. माणसे एकदम माणसांसारखी चालू लागतील. मात्र काही प्रतींत हा वेग आधीच सुधारलेला असतो, म्हणून आधी मोजा आणि मग बदला.

याच्या उलट खोडी काही नवे दूरचित्रवाणी संच करतात. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून ते दोन चित्रांच्या मधले चित्र आपल्याच हिशेबाने रचून घालतात. जे चित्र कोणत्याच कॅमेऱ्याने कधी घेतले नव्हते, ते आपण पाहतो! चित्रपटापुरती ही सोय बंद करून ठेवावी.

प्रत राहिली तर चित्रपट राहिला

तुम्ही म्हणाल, एवढी चिकित्सा कशासाठी? चित्रपट पाहावा, आनंद घ्यावा. खरे आहे. पण ही गोष्ट नुसत्या आनंदाची नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रपटांची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची बनत असे. हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एकदा पेटला की तो पाण्याखालीही जळतो. नुसता पडून राहिला तरी हळूहळू विघटन पावतो, चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. त्याच्या जागी आलेली ॲसिटेटची फिल्म अशी पेटत नाही, पण दमट आणि उष्ण हवेत तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो आणि फिल्म आकसून वेडीवाकडी होते. याशिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असते. तेवढी काढून घेण्यासाठीही कितीतरी रिळे नष्ट झाली.

परिणाम काय झाला पाहा. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांतले, अपुरे धरूनही, जेमतेम तीस उरले आहेत. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ साली निघाला. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे सापडले, आणि तीसुद्धा फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासक म्हणतात. जे वाचले त्याचे पुष्कळसे श्रेय पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि तेथे आयुष्यभर रिळे गोळा करणाऱ्या पी. के. नायर यांना आहे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक जुनी रिळे गेली.

मग हरवलेले परत मिळते कसे? कुठेतरी, कोणीतरी जपलेल्या दुसऱ्या प्रतीमुळे. जर्मनीतला फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १९२७ साली प्रथम दाखवला गेला तेव्हा ४,१८९ मीटर लांब होता. लौकरच त्याची मोठी काटछाट झाली आणि पूर्ण प्रत नाहीशी झाली. २००८ साली दूर दक्षिण अमेरिकेत, ब्युनोस आयरिस येथील एका संग्रहालयात त्याची १६ मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली पण जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. तिच्या आधारे २०१० साली जो चित्रपट पुन्हा जुळवला गेला तो सुमारे १४८ मिनिटांचा आहे. आता तुम्हीच ४,१८९ ला २७.४ ने भागा. १५३ मिनिटे येतात. म्हणजे अजूनही पाच मिनिटे बेपत्ता आहेत! लांबीचा तो आकडा कोणी लिहून ठेवला नसता, तर काही हरवले आहे हेसुद्धा कळले नसते.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळली. त्या होरपळलेल्या फिल्ममधला वाचवता आला तेवढा भाग आणि इतरत्र जपलेल्या प्रती यांच्यातून तो चित्रपट २०१५ साली पुन्हा उभा राहिला.

पाहा आणि वाटा

तेव्हा घरच्या घरी, किंवा शाळेतल्या दहा-बारा मित्रांनी मिळून, एक वही घाला. प्रत्येक चित्रपटाला एक पान. नाव, वर्ष, चौकटीचे प्रमाण, प्रमाणपत्रावरची लांबी, तिच्यावरून काढलेली मिनिटे, प्रत्यक्ष पाहिलेली मिनिटे, आणि ही प्रत कोठे पाहिली. शेवटी दोन ओळी जागा सोडा, ती घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणींसाठी.

आरंभ कशाने करावा? मी जोडीजोडीने पाहायला सांगेन, एक जुना आणि एक नवा. फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' पाहा. त्यात बाळकृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. त्याच्या जोडीला परेश मोकाशींचा, फाळक्यांच्याच धडपडीवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). आचार्य अत्र्यांची १९५३ ची 'श्यामची आई' आणि सुजय डहाके यांची २०२३ ची 'श्यामची आई'. एकच पुस्तक, मधे ७० वर्षे. नव्या चित्रपटांत फूट-मीटर उरले नाहीत, प्रमाणपत्रावर मिनिटेच असतात. पण चौकट मोजता येते आणि सेकंदाला २४ चित्रांची जुनी चाल बहुतेकांनी अजून सोडलेली नाही.

वाटण्याविषयी एक सूचना. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. नव्या चित्रपटाची प्रत काढून मित्राला पाठवणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय ज्यांनी कष्टाने तो केला त्यांच्यावर अन्यायही आहे. त्याला नाव सांगा, अधिकृतपणे कोठे पाहता येतो ते सांगा, आणि आपल्या वहीतले पान द्या. नुसते "छान आहे, पाहा" म्हणण्यापेक्षा "अमुक ठिकाणची प्रत १६ मिनिटांनी अपुरी आहे, तमुक ठिकाणची पाहा" हे सांगणे कितीतरी मोलाचे.

आमच्या वहीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या रात्री संचाची मांडणी बदलून 'संत तुकाराम' पुन्हा लावला. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या आल्या. आईने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "हं, हे आमचे तुकोबा." त्या हिंदी चित्रपटाची दुसरी एक प्रत माझ्या मुलाने महिनाभर शोधून काढली. तीही २५ च्याच पद्धतीची होती, पण चालली १४१ मिनिटे. अंगाईगीत तिच्यात होते. आईने गुणगुणलेल्या दोन ओळी शब्दन् शब्द बरोबर निघाल्या.

१४४ मधून १४१ गेले, उरली तीन मिनिटे. वहीच्या त्या पानावर शेवटच्या दोन ओळींची जागा अजून कोरी आहे. ती तीन मिनिटे आईलाही आठवत नाहीत. कदाचित तुमच्या आजी-आजोबांना अशीच एखाद्या चित्रपटातली हरवलेली मिनिटे आठवत असतील. आज घरी गेल्यावर विचारून पाहा.